चावी कोणापाशी ठेवाची

माझी पत्नी आनंदाबाई दुपारी वारली. आमच्या गल्लीला ते संध्याकाळी कळलं. यात गल्लीचा दोष नाही. आमची गल्ली हैदराबाद, सुरत, इंदूर आणि बंगळुरू येथे राहते आणि कामाच्या वेळेत मोबाईल बघत नाही.

गल्ली मूळची अल्लीपूरच्या अलीकडच्या एका गावातली. तिच्यात नऊ घरं आहेत. सात घरांना कुलूप. आठव्यात नत्थूजी आणि नवव्यात आम्ही दोघं. बंद घरांच्या चाव्या आनंदाबाईजवळ असायच्या. रोज दुपारचा चहा झाला की ती जुडगा घेऊन निघायची. सातही घरं उघडायची, झाडायची, तुळशीला पाणी घालायची, नळ थोडा वाहू द्यायची आणि दिवेलागणीला देवाजवळ दिवा लावून घरी यायची. आमच्या घरचा दिवा सर्वांत शेवटी लागायचा. मी तोवर ओट्यावर बसून राहायचो.

त्या दिवशी नत्थूजी भिंतीवरून बोलले, "रूपराव, वैनी मुकेशच्या अंगनात खाली बसून राह्यल्या. आवाज देल्ला तर बोलत नाई."

मी गेलो. मुकेशचं घर त्या सात बंद घरांतलंच. तांब्या आडवा पडला होता. जुडगा हातात होता. तो सोडवायला वेळ लागला.

माझं शिक्षण दहावी. मी एसटीत वाहक होतो. शोक कसा लिहितात ते मला येत नाही. गाडीला उशीर का झाला, याचं कारण लिहिण्याची मात्र सवय आहे. हे तसंच समजून वाचावं.

सात कुटुंबं गेली, त्यात माझा वाटा मोठा. आधी आमचा रजत सूनबाईला, म्हणजे वर्षालीला, घेऊन हैदराबादला गेला. त्याला लागली ती नोकरी नक्की काय आहे हे मला आजही सांगता येत नाही, पण ती लागल्यावर मी बाहेरच्या राज्यातल्या नोकऱ्यांचा जाणकार झालो. पारावर बसून मी लोकांना सांगू लागलो की इथं काय ठेवलं आहे, तिकडं बघा, लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, दर महिन्याला पगार बँकेत पडतो. हैदराबाद मी तोवर रजतच्या फोनवर पाहिलं होतं. त्यातही बहुतेक त्याची गॅलरी दिसायची आणि गॅलरीतून दुसऱ्याची गॅलरी.

आयुष्यभर मी गाडीत "पुढं सरका, पुढं जागा आहे" एवढंच ओरडलो. पुढं जागा असायची नाही, हे मला माहीत होतं आणि प्रवाशांनाही. तरी लोक सरकायचे. त्यामुळे हे काम मला चांगलं जमलं. मुकेश सुरतला सरकला. अंकित आणि त्याची बायको ज्योत्स्ना बंगळुरूला सरकले. बाकीचेही एकेक करून गेले. त्यांच्या पेट्या मीच चढवल्या आणि नोकरीत असेपर्यंत डबल बेलही मीच दिली. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी हात हलवायचो. मग घरी येऊन आनंदाबाईला म्हणायचो, "आणखी एक घर सुधारलं."

ती निघणाऱ्या बायामाणसांना एवढंच म्हणायची, "चावी ठेवून जाजो."

शेवटी आमचा नंबर आला. रजतच्या अपार्टमेंटमध्ये गेटवर बसायला एक वयस्क आणि विश्वासू माणूस हवा होता. येणाऱ्याचं नाव लिहायचं आणि ऑफिसला जाणाऱ्यांच्या फ्लॅटच्या चाव्या सांभाळायच्या. पदाचं नाव फॅसिलिटी असोसिएट. युनिफॉर्म मिळणार होता. निवृत्त झाल्यावर पुन्हा युनिफॉर्म मिळतो आणि तोही परराज्यात, हे ऐकून मी दोन दिवस छाती काढून चाललो. आनंदाबाईला विचारलं, "चालतं ना?"

ती म्हणाली, "चालतं. पन आपली चावी कोणापाशी ठेवाची?"

मी हसलो. नुसता हसलो नाही, ही गंमत गावभर सांगितली. कोपऱ्यावर भैय्याजींचं किराणा दुकान आहे. त्यांना सांगितलं, "मले तिकडे नोकरी भेटून राह्यली, नातीले इंग्रजी शाळा भेटून राह्यली, अन् हिले चावीची पडली!" भैय्याजीही हसले. गिऱ्हाईक हसलं. आनंदाबाई तेव्हा साखर घ्यायला आलेली होती. तीही थोडी हसली आणि साखर घेऊन गेली.

आता त्या दिवसाकडे येतो.

रजत रात्रीचा प्रवास करून सकाळी पोचला. आमच्या गावात रिवाज आहे की दारापासून कोपऱ्यापर्यंतचा पहिला खांदा गल्लीच्याच माणसांनी द्यायचा. कोपऱ्यावर गाव उभं असतं. तिथून पुढं गाव नेतं. आधी गल्लीचं माणूस, मग गावाचं, असा त्याचा अर्थ. त्यामुळे सकाळी गावातली पन्नासेक माणसं रिवाजाप्रमाणे कोपऱ्यावर हात बांधून उभी होती, आणि दारात खांदा द्यायला मी होतो. रजतच्या हातात मडकं. नत्थूजींचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं आणि डोळ्यांत मोतीबिंदू. ते म्हणाले, "मी देतो खांदा. वैनीनं मले दोन वर्षं डबा देल्ला." मी त्यांना खाली बसवलं.

भैय्याजी दुकान बंद करून आले होते, पण त्यांच्याबद्दल प्रश्न निघाला. दुकानाचं दार मुख्य रस्त्यावर उघडतं, म्हणजे ते गावाचे. मागचं दार मात्र आमच्या गल्लीत उघडतं. कोपऱ्यावर यावर चर्चा झाली. गावात जाणत्या माणसांची कमतरता नाही. शेवटी असं ठरलं की भैय्याजींनी परत दुकानात जावं आणि मागच्या दारानं बाहेर यावं, म्हणजे ते गल्लीचे धरता येतील. भैय्याजी गेले, पोत्यांतून वाट काढत मागच्या दारानं आले. तेलाच्या पिंपाला लागून त्यांचा सदरा मळला. त्यांना पाहून मला पहिल्यांदा रडू आलं. लोक म्हणाले, रूपरावनं आता कुठं मन मोकळं केलं.

दोन झाले. आणखी दोन हवे होते. तेवढ्यात रजतच्या मोबाईलवर मुकेशचा निरोप आला. रजतनं मोठ्यानं वाचला: "काकूचं ऐकून फार वाईट वाटलं. रजा मंजूर झाली नाही. माझ्या वतीनं कोणीही खांदा दिल्यास माझी हरकत नाही." पाठोपाठ अंकितचा: "माझीही हरकत नाही." असं अधिकृत मुखत्यारपत्र मिळाल्यावर मार्ग निघाला. सकाळची गाडी कोपऱ्यावर थांबली होती. तिचा चालक आणि वाहक माझ्या डेपोचे. ते उतरले. चालकानं मुकेशच्या वतीनं आणि वाहकानं अंकितच्या वतीनं खांदा दिला. गाडीतले प्रवासी शांत बसून होते. एकानं खिडकीतून विचारलं, "किती येळ लागन, मास्तर?" वाहक म्हणाला, "कोपऱ्यावरोक." मी त्याच्या जागी असतो तर हेच सांगितलं असतं.

दारापासून कोपरा तसा जवळ आहे. सात कुलपं ओलांडून जावं लागतं एवढंच.

संध्याकाळी रजतनं मला गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. ग्रुपचं नाव 'आपली गल्ली, कायम सोबत'. सर्वांनी हात जोडलेली चित्रं पाठवली होती. कोणी फुलं पाठवली. कोणी पणती पाठवली, ती हलत होती. ज्योत्स्नानं लिहिलं होतं की काकू म्हणजे गल्लीची माय होती. त्याखाली मुकेशनं विचारलं होतं, "आमच्या घराची चावी सध्या कोणाकडे आहे?" मग सगळ्यांनी तेच विचारलं. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की हे आज विचारायला नको होतं, म्हणून सगळ्यांनी पुन्हा हात जोडले.

चाव्या माझ्याकडेच होत्या. पण कोणती कोणत्या घराची, हे मला माहीत नव्हतं. तिनं प्रत्येक चावीला कापडाची चिंधी बांधली होती. एक फ्रॉकची, एक टॉवेलची, एक कसल्या तरी पडद्याची. ज्यांचं घर त्यांनीच जाताना टाकून दिलेलं कापड असावं. मी तिला कधी विचारलं नव्हतं. मी तेव्हा लोकांना लिफ्टची माहिती देत होतो.

तिसऱ्या दिवशी ग्रुपची ऑनलाइन बैठक झाली. विषय एकच होता, दिवाबत्ती. घर दिवेलागणीला अंधारात राहू नये, यावर सर्वांचं एकमत होतं. त्या सर्वांचे फ्लॅट दिवेलागणीला अंधारातच असतात, कारण सगळे ऑफिसात असतात. पण तो भाग वेगळा.

मुकेश म्हणाला, "काकाजी, तुम्ही लावून देत जा ना दिवा."

ज्योत्स्ना म्हणाली, "पन काकाजीले सुतक आहे. सुतकाच्या हातानं आमच्या देवाजवळ कसं चालन?"

"मंग नत्थूजी?"

नत्थूजींनी आदल्या दिवशीच प्रयत्न केला होता. मोतीबिंदूमुळे त्यांनी वात समजून मुकेशच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा कोपरा पेटवला. कॅलेंडर पाच वर्षांपूर्वीचं होतं, तरी मुकेशला वाईट वाटलं.

"सुतक किती दिवस राह्यतं?" अंकितनं विचारलं.

"तेरवीवरोक," मी म्हणालो.

"तोपर्यंत घर अंधारात? नको काकाजी. मी बघतो."

अंकित बंगळुरूला कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यानं तीन दिवसांत सात डबे कुरिअरनं पाठवले. हिंगणघाटहून वायरमन आला आणि सातही घरांत एकेक बल्ब बसवून गेला. हा बल्ब मोबाईलवरून लागतो. ज्यानं त्यानं आपापल्या शहरातून, आपापल्या हातानं लावायचा. सुतक नाही, तेल नाही, काडी नाही. ठराव सर्वानुमते मंजूर झाला आणि मला मानद स्थानिक प्रतिनिधी नेमण्यात आलं. कर्तव्य: बल्ब लागला की ग्रुपवर 'लागला' असं कळवणे.

पहिल्या दिवशी दिवेलागणीला मी ओट्यावर बसलो होतो. सुरतेनं बटन दाबलं आणि मुकेशचं घर उजळलं. मग इंदूर उजळलं. मग बंगळुरू. सातही घरं लखलखली. मी 'लागला' असं सात वेळा लिहिलं. आमचं घर अंधारात होतं. ते सर्वांत शेवटी उजळत असे, म्हणून मी जरा वेळ बसून राहिलो. मग आठवलं.

पण नुसत्या उजेडानं भागेना. ज्योत्स्नाला काळजी वाटली की घर उजळलेलं आहे पण आत चाहूल नाही, हे चोराच्या लक्षात येईल. अंकितनं पुन्हा डबे पाठवले. त्यांतून आवाज येत. ज्यानं त्यानं आपल्या घरातले आवाज भरून पाठवायचे. दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या गल्लीत संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होऊ लागल्या. भांडी वाजू लागली. अंकितच्या घरातून ज्योत्स्ना मुलाला "आधी होमवर्क, मग मोबाईल" म्हणून रागावू लागली. मुकेशच्या घरातून मुकेश खोकू लागला.

पहिला खोकला ऐकून नत्थूजी काठी टेकत मुकेशच्या दारात गेले. "आला का रे मुकेश? काऊन सांगतलं नाई?" त्यांनी बराच वेळ दार वाजवलं. आतून पुन्हा खोकला आला. ते परत येऊन मला म्हणाले, "दार उघडून नाई राह्यला. रागावला असन माह्यावर. त्याचं कॅलेंडर जाळलं ना मी."

मी त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "असं का?" दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. पण या वेळी दार वाजवलं नाही. पायरीवर बसून खोकला ऐकला आणि आले. म्हणाले, "छाती भरलेली वाटते पोराची. त्याले सांग, काढा घेत जा म्हनून." मी ग्रुपवर कळवलं. मुकेशनं अंगठा दाखवला.

तेरवी झाली. रजत परत गेला. जाताना म्हणाला, "बाबा, ते गेटवरचं काम आजून खाली ठेवलं आहे. म्यानेजर रोज विचारून राह्यला. तुमी कधी येता?"

"येतो ना. चावीचं पाहू दे."

"कोनती चावी?"

"आपली."

रजतनं हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "आई बी हेच म्हनत होती."

त्यानंतर काही दिवसांनी गल्लीत एक पथक आलं. एक साहेब आणि त्यांच्यासोबत टॅब घेतलेली एक मुलगी. 'नांदती गल्ली' नावाची काही योजना होती. ज्या गल्लीतली माणसं गाव सोडून गेली नाहीत, तिचा गौरव करायचा. ही योजना कोणत्या खात्याची, असं मी विचारलं तेव्हा साहेबांनी मुलीकडे पाहिलं आणि मुलीनं टॅबकडे. निकष मात्र पक्के होते. दिवेलागणीला घरात उजेड हवा आणि घरातून संसाराचा आवाज यायला हवा. माणसाला प्रत्यक्ष बघण्याची अट नव्हती. माणसं सर्वेक्षणाला फार प्रश्न विचारतात, म्हणून ती वगळली असावी.

दिवे लागले. शिट्ट्या झाल्या. मुलगी एकेक घरापुढे उभी राहून टॅबवर बोट ठेवत गेली. ज्योत्स्ना रागावली तेव्हा साहेब हसले. म्हणाले, "घरोघरी हेच. आमच्या घरीबी हेच चालू असन आता." मग ते आमच्या घरापुढे आले.

"हे कोनाचं घर?"

"माहं," मी ओट्यावरून म्हणालो.

"बंद काऊन आहे?"

"बंद कुठी आहे? दार उघडं आहे. मी राह्यतो इथं."

"लाइट नाई. आवाज नाई."

"एकटा मानूस काय आवाज करन, साहेब?"

"बाजूच्या घरी पाहा. कुकर चालू आहे, पोरगं अभ्यास करून राह्यलं."

"ते बंगळुरूवरून करून राह्यलं."

साहेबांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. आवाज बारीक करून मुलीला काही म्हणाले. मग मला विचारलं, "काकाजी, तुमी मूळचे कोन्या गावचे?"

"इथचाच. याच घरात जन्मलो."

"घरात आता कोनी आहे का?"

मी मागं वळून पाहिलं. अंधार होता. "नाई," मी म्हणालो.

"मंग तेच तर विचारून राह्यलो." आणि मुलीनं आमच्या घरापुढे लिहिलं: मालक परगावी.

नत्थूजींच्या घरी उजेड होता, पण आवाज नव्हता. ते बाहेर येऊन म्हणाले, "मी आहो ना. खोकून दाखवू का?" त्यांचा खोकला मुकेशच्या खोकल्यापुढे फार कमी पडला. त्यांना 'अनिश्चित' या रकान्यात घालण्यात आलं.

आमची गल्ली तालुक्यात पहिली आली. नऊपैकी सात घरं पूर्ण नांदती, असा निकाल लागला. 'नांदती गल्ली' असा मोठा फलक आला. तो ठोकायचा कुठे, असा प्रश्न होता. कोणाच्याही भिंतीवर ठोकायचा तर त्याची परवानगी हवी, म्हणून तो आमच्या भिंतीवर ठोकण्यात आला. त्या घरात कोणी राहत नसल्यामुळे हरकतीचा प्रश्न नव्हता. मी शिडी धरली.

गौरव समारंभ कोपऱ्यावर झाला. सन्मानचिन्ह गल्लीतल्या रहिवाशाच्या हाती द्यायचं होतं. मी पुढं झालो, तर यादीप्रमाणे मी परगावी होतो. शेवटी भैय्याजी पुन्हा दुकानात गेले आणि मागच्या दारानं बाहेर येऊन त्यांनी सन्मानचिन्ह घेतलं. आता त्यांना या वाटेची सवय झाली आहे. तेलाचं पिंप त्यांनी बाजूला सरकवून ठेवलं आहे.

मुकेशनं सुरतेहून मोबाईलवर भाषण केलं. भोंग्याला मोबाईल जोडला होता. तो म्हणाला, "लोकं म्हनतात, गावात काही राह्यलं नाई. आमच्या गल्लीनं दाखवून देल्लं, का मनात आनलं तर गाव सोडाची गरजच नाई!" टाळ्या झाल्या. सात घरांतूनही टाळ्या झाल्या. अंकितनं त्या आधीच भरून ठेवल्या होत्या. भाषण संपताना मुकेशला खोकला आला. त्याच वेळी त्याच्या घरातूनही खोकला आला. नत्थूजी माझ्या कानाशी म्हणाले, "काढा घेत नाई हा."

समारंभ झाल्यावर मी ग्रुपवर विचारलं. मला मोबाईलवर लिहायला वेळ लागतो, म्हणून थोडक्यातच लिहिलं: "मी हैदराबादला जातो म्हणतो. आमच्या घराची चावी कोणाजवळ ठेवू?"

सगळ्यांनी वाचलं, निळ्या खुणा दिसल्या. मुकेशनं लिहिलं, "अभिनंदन काकाजी, उशिरा का होईना चांगला निर्णय." ज्योत्स्नानं फुलं पाठवली. अंकितनं लिहिलं, "डबा पाठवतो. तुमचे आवाज भरून ठेवा." चावीबद्दल कोणी काही लिहिलं नाही. लिहिणार काय? ज्यांच्याजवळ ठेवावी अशी सगळी माणसं मीच पुढं सरकवली होती.

मग नत्थूजींचा मुलगा इंदूरहून गाडी घेऊन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन तिकडं करायचं आणि मग तिकडंच राहायचं, असं ठरलं होतं. नत्थूजी पेटी भरून आमच्या ओट्यावर आले. चावी माझ्या हातात ठेवली.

"आनंदाबाई असती तं तिच्यापाशी देल्ली असती," ते म्हणाले. "तू ठेव आता."

"मीच चाललो ना, नत्थूजी."

"जाशीन तवा पाहू. तुळशीले पानी घालजो. अन् मुकेशच्या घरचा खोकला वाढला तं मले फोन करजो."

गाडी निघाली. मी सवयीनं हात वर केला, बेलची दोरी ओढायला. मग नुसता हलवला.

नत्थूजींच्या चावीला चिंधी बांधायची म्हणून मी जुडगा काढला. तोवर मी कुठली चावी कुठली, हे लावून पाहिलं होतं. फ्रॉकची अंकितच्या घराची, टॉवेलची मुकेशच्या, पडद्याची पलीकडच्या घराची. सात चाव्यांना सात दारं मिळाली होती. पण जुडग्यात आठ चाव्या होत्या. आठवी कुठल्याच दाराला लागत नव्हती. ती कुणाच्या कपाटाची असेल म्हणून मी सोडून दिली होती. त्या दिवशी तिची चिंधी नीट पाहिली. खाकी होती. माझ्या जुन्या सदऱ्याची, एसटीच्या. सदऱ्याच्या खिशाची शिवणसुद्धा तिच्यावर होती.

कुलूप मला पिठाच्या डब्यामागे सापडलं. कागदात गुंडाळलेलं, नवं, तेल लावून ठेवलेलं. आठवी चावी त्याला लागली. भैय्याजींना विचारलं. ते म्हणाले, "हाव, वैनीनं नेलतं. त्या दिवशी तुमी चावीची गंमत सांगून राह्यले होते ना, त्याच दिवशी. साखर अन् कुलूप. कुलूप तुमच्यासमोर मांगितलं नाई, तुमी गेल्यावर परत येऊन मांगितलं."

"काही बोलली का?"

"काही नाई. 'जाचं आहे आता' म्हने."

म्हणजे ती यायला तयार होती. कुलूप घेतलं होतं, चावीला चिंधी बांधली होती. तिचं फक्त एकच विचारणं होतं, आणि ते मी दुकानात गिऱ्हाइकांना हसायला दिलं.

नत्थूजींच्या चावीला मी त्यांच्या मफलरचा तुकडा बांधला. आता दुपारचा चहा झाला की मी जुडगा घेऊन निघतो. सुतक संपलं आहे. आठ घरं उघडतो, झाडतो, नळ सोडतो, देवाजवळ तेलाचा दिवा लावतो. वर अंकितचा बल्ब आणि खाली माझा दिवा, असं चालू असतं. मी मुकेशच्या घरात झाडू मारत असलो की मुकेश माझ्या डोक्यावर खोकतो. परत येऊन आमच्या घरात दिवा लावतो, सर्वांत शेवटी. गेटवरच्या कामाचा म्यानेजर अजून रजतला विचारतो. इथं मी तेच काम करतो आहे, फक्त युनिफॉर्म नाही.

तुम्ही हे वाचता आहात, म्हणजे बहुधा गाव सोडून कुठं तरी बरे राहत असाल. तुमच्याही घराची चावी कोणाजवळ तरी असेल. ती बाई दुपारी चहा पिऊन निघत असेल. तिची तब्येत कशी आहे, ते फोन करून विचारा. आणि विचारल्यावर लगेच चावीचं विचारू नका, थोडं थांबा.

माझं एवढं राहिलं आहे. कुलूप पिठाच्या डब्यामागेच आहे. रजतला मी कधी येणार ते कळवलेलं नाही. आमची चावी कोणाजवळ ठेवायची, ते अजून ठरलेलं नाही.